ब्रेक ऑइल जातं कुठे? गळका मास्टर सिलिंडर ओळखणं आणि बदलणं

नागपूरच्या अजनी चौकातल्या सिग्नलला उभा होतो. एप्रिलची दुपार, एसी चालू, उजवा पाय ब्रेकवर. अर्ध्या मिनिटाने जाणवलं की पाय हळूहळू खाली चाललाय. मी जोर वाढवला नव्हता, तरी पेडल सरकतच होतं. सोडून पुन्हा दाबलं तर वर आलं, कडक लागलं आणि परत उतरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दाखवलं. "ऑइल कमी झालं होतं भाऊ, भरून देलं. आता काही टेन्शन नाही." तीन आठवड्यांनी बोनेट उघडलं तर ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी पुन्हा खालच्या रेघेवर. गाडीखाली एक थेंब नाही, चारही चाकं आतून कोरडी.

इंजिन ऑइल थोडंफार जळतं, कूलंट उकळून बाहेर पडतं. ब्रेक ऑइलचं तसं नाही. ते बंद पाइपांत राहतं आणि कमी झालं तर कुठेतरी गेलेलं असतं. ते कुठे गेलं हे सापडेपर्यंत वरून भरत राहणं म्हणजे आपणच पुरावा पुसून टाकणं. माझं ऑइल बूस्टरच्या पोटात साचत होतं, आणि ते बाहेरून कुणालाही दिसणार नव्हतं. म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय. मास्टर सिलिंडर बदलणं हे हाताने काम करायची सवय असलेल्या माणसाला घरच्या अंगणात जमण्यासारखं आहे, पण घाई आणि अंदाज या दोन गोष्टींना इथे जागा नाही.

आत काय चालतं

पेडल दाबलं की त्याचा दांडा आधी बूस्टरमध्ये जातो. बूस्टर म्हणजे केबिनच्या भिंतीला लागून असलेला तो काळा गोल डबा. पेट्रोल गाडीत इंजिनच्या ओढीने आणि डिझेल गाडीत वेगळ्या पंपाने त्यातली हवा खेचली जाते, आणि त्यामुळे आपल्या पायाचा जोर कित्येक पट होतो. बूस्टरच्या तोंडाला दोन नटांवर बसवलेलं अॅल्युमिनियमचं नळकांडं म्हणजे मास्टर सिलिंडर. त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची ऑइलची डबी.

नळकांड्यात एकामागे एक दोन पिस्टन असतात, कारण ब्रेकची दोन सर्किटं वेगवेगळी ठेवलेली असतात. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती तिरकी विभागलेली असतात: एका सर्किटवर उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक, दुसऱ्यावर उरलेली दोन. एक सर्किट फुटलं तरी दुसरं थोडाफार ब्रेक देतं. पेडल खूप खाली जातं, गाडी उशिरा थांबते, पण थांबते.

पिस्टनांवर रबराचे कप असतात. आपले मिस्त्री त्यांना वॉशर म्हणतात. त्यांचं झिजणं दोन तऱ्हांचं असतं आणि हा फरक नीट कळला की निदान निम्मं झालं. पुढचे कप झिजले तर दाब असताना ऑइल त्यांच्या कडेने मागे निसटतं आणि पुन्हा डबीकडेच जातं. पेडल उतरतं, पण पातळी कमी होत नाही, कुठे ओल नाही. याला आतली गळती म्हणू. सगळ्यात मागचा सील गेला तर उलटं होतं: पेडल बराच काळ ठीक लागतं, पण ऑइल बूस्टरमध्ये झिरपतं. बूस्टरमधली ओढ त्याला आणखी खेचते. माझ्या गाडीत दोन्ही झालं होतं. जुन्या मास्टरमध्ये हे नवल नाही, कारण सगळे कप एकाच वयाचे असतात.

कप का जातात? ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, हा त्याचा स्वभावच आहे. डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की तीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पोकळ लागतं. तेच पाणी नळकांड्याच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर बारीक खड्डे पाडतं आणि त्या खड्ड्यांवर कप घासून फाटतो. आपल्याकडे पावसाळ्याची दमट हवा आणि त्यानंतर मे महिन्यातलं ४५ अंशांच्या वरचं ऊन, दोन्ही एकाच गाडीच्या वाट्याला येतात. दर २ वर्षांनी ऑइल बदला असं बहुतेक कंपन्या सांगतात. किती गाड्यांत खरंच बदललं जातं, हे डबीतला काळपट रंग सांगतो.

निदान: पाना हातात घेण्याआधी

डबीवर पातळीच्या रेघेवर कागदी टेपचा तुकडा चिकटवा, पेनाने खूण करा, तारीख लिहा. ब्रेकचे पॅड झिजतात तशी पातळी थोडी उतरते, कारण कॅलिपरचा, म्हणजे चाकापाशी पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन पुढे येतो आणि त्यामागची जागा ऑइल भरतं. पण ते महिन्यांच्या हिशेबात होतं. आठवड्यात खूण सोडली तर गळती आहे.

मग पेडलची परीक्षा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधली ओढ संपते आणि पेडल कडक होतं. आता पाय दाबून ठेवूनच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली जायला हवं. याचा अर्थ बूस्टर काम करतोय. अनेक जण याच क्षणी घाबरतात आणि चांगला मास्टर बदलून बसतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. ते एकदाच खाली जाऊन थांबतं. न थांबता सावकाश जमिनीकडे जात राहणं, हे दुखणं.

त्यासाठी इंजिन चालू ठेवून मध्यम जोराने पेडल एक मिनिट धरा. मग हलक्या जोराने, सिग्नलला ठेवतो तेवढ्या, आणखी एक मिनिट. झिजलेला कप जोरात दाबल्यावर फुगून भिंतीला चिकटतो आणि गळती लपवतो. हलक्या दाबाला तो उघडा पडतो. गॅरेजमध्ये जोरात दाबून "कडक आहे ना" म्हणतात आणि सिग्नलवर तेच पेडल उतरतं, त्याचं कारण हे.

एक-दोनदा पंप केल्यावर पेडल उंच येत असेल आणि मग तिथेच टिकत असेल, तर आधी मागच्या ड्रममधल्या ब्रेक शूचं, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांचं, अंतर तपासा. स्पंजासारखं लागत असेल तर पाइपात हवा. टिकून न राहता उतरणं ही मास्टरची किंवा कुठल्यातरी गळतीची खूण.

आता ओल शोधायची. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरा, चाकांच्या आतल्या बाजूला आणि ड्रायव्हरच्या पुढ्यात इंजिनखाली. उन्हाळ्यात एसीचं पाणी ठिबकतं, त्याने फसू नका. ब्रेक ऑइल बोटाला निसरडं लागतं, नवं असताना फिकट पिवळं आणि जुनं असताना चहासारखं दिसतं. डागावर थोडं पाणी टाका: ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, इंजिन ऑइल वेगळं तरंगतं. प्रत्येक चाकाच्या आत बॅटरी मारून पाहा. ड्रमच्या मागच्या पत्र्यावर खालून ओल उतरली असेल तर व्हील सिलिंडर, म्हणजे ड्रममधले शू ढकलणारा छोटा सिलिंडर, गेलाय. त्याचं रबरी टोपण अलगद उचललं की आत ऑइल दिसतं. कॅलिपरजवळचे रबरी होज, एअर काढायचे निपल आणि गाडीच्या पोटाखालून मागे जाणारे लोखंडी पाइप, सगळीकडे हात फिरवा. ज्या गाडीत क्लचही ऑइलवर चालतो तिथे बऱ्याचदा दोघांची डबी एकच असते. क्लचचा सिलिंडर गळला तरी ब्रेकचीच पातळी उतरते. पेडलांजवळच्या चटईखाली ओल असेल तर आधी क्लचकडे पाहा.

सगळं कोरडं निघालं तर मास्टर आणि बूस्टरमधला जोड. तिथे खाली कागदी रुमाल दाबून पाहा. बूस्टरच्या खालच्या भागावरचा रंग फुगला असेल, पापुद्रे निघाले असतील तर शंका फारशी उरत नाही, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. तरीही खात्री करायची असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल पंप करून ओढ संपवा, मास्टरचे दोन नट काढा, आणि पाइप न सोडता मास्टर बोटभर पुढे सरकवा. पाइप तेवढे लवचीक असतील तरच, जबरदस्ती नको. मागे बोट घाला. मी घातलं तेव्हा बोट ओलं आणि काळं बाहेर आलं. तीन आठवड्यांपूर्वी भरलेलं ऑइल तिथे होतं.

आतल्या गळतीचा पक्का पुरावा मिळवायचा तर मास्टरच्या पाइप जोडायच्या तोंडांवर योग्य आट्यांचे बंद बोल्ट बसवून, आतली हवा काढून पेडल दाबतात. दगडासारखं राहिलं तर मास्टर निर्दोष आणि दोष पुढे कुठेतरी. तरीही उतरलं तर मास्टरच. रबरी होज पकडीने आवळून बघायची पद्धतही आहे, पण साध्या पकडीने होज आतून चिरतो. मी ती वापरत नाही आणि कुणाला सुचवतही नाही.

इथवर येऊन पेडल उतरतंय हे ठरलं असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. घरून गॅरेज दोन किलोमीटर असलं तरी त्या दोन किलोमीटरांत शाळा सुटते, सिग्नल लागतात. टो करून न्या, नाहीतर जागेवरच काम करा.

किट की अख्खा मास्टर

"किट टाकून देतो, स्वस्तात होईल" असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. किट म्हणजे नवे कप, पण ते जाणार त्याच खड्डे पडलेल्या भिंतीवर. अॅल्युमिनियमच्या नळकांड्याला आतून घासून गुळगुळीत करता येत नाही. वरचा संरक्षक थर निघून जातो आणि आतला व्यासही बदलतो. काही महिन्यांत तेच दुखणं परत येतं. अख्खा मास्टर घ्या.

घेताना गाडीचा चासिस नंबर दुकानात दाखवा. एकाच मॉडेलला एबीएससाठी (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) वेगळा आणि विनाएबीएससाठी वेगळा मास्टर असतो. अंगावर कोरलेला आतला व्यास जुन्याशी जुळायला हवा. २०.६४ मिमीच्या जागी २२.२२ मिमीचा बसला, तर तेवढाच दाब मिळवायला पायाने साधारण १६ टक्के जास्त जोर लावावा लागतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सीलबंद खोकं, छापील किंमत, पक्कं बिल, याशिवाय ब्रेकचा कुठलाही पार्ट घेऊ नका. पार्ट नकली निघाला तर तो कुठून घेतला ते तरी सांगता येईल.

सोबत डबीच्या बुडाचे नवे रबर, मास्टर आणि बूस्टरमधली नवी रबरी रिंग, आणि डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचं १ लिटर ब्रेक ऑइल घ्या. डॉट ३ आणि डॉट ४ एकमेकांत मिसळतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांत कधीच घालायचं नाही. नाव जवळचं असलं तरी डॉट ५.१ वेगळं आहे. कपाटातला अर्धा उरलेला डबा वापरू नका. उघडल्या दिवसापासून तो ओल पीत बसलेला आहे.

हत्यारांत एकच गोष्ट खास लागते: पाइपच्या नटांसाठीचा फ्लेअर पाना, बहुतेक छोट्या गाड्यांना १० मिमीचा. हा रिंग पान्यासारखाच असतो, फक्त पाइप आत जाण्यापुरती फट असते. साध्या उघड्या पान्याने हे मऊ नट गोल होतात, आणि गोल झालेला नट म्हणजे पुढे अख्खा पाइप बदलणं. बाकी सॉकेट पाने, मेडिकलमधून आणलेली ५० मिलिची सिरिंज, काचेची बाटली आणि निपलवर घट्ट बसेल अशी ५-६ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी. कूलरच्या पंपाची नळी प्रत्येक घरात पडलेली असते, पण ती इथे जाड पडते. हातमोजे आणि चष्मा घाला. हे ऑइल डोळ्यांत गेलं तर फार झोंबतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. ब्रेकचा कुठलाही रबरी भाग पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइलने धुऊ नका, त्यांना साधं ग्रीसही लावू नका. हे रबर खनिज तेलाने फुगतं आणि फुगलेला कप पिस्टनला अडकवतो. धुवायचं ते नव्या ब्रेक ऑइलने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने. डबीत चुकून कुणी इंजिन ऑइल ओतलं असेल तर एक मास्टर बदलून भागत नाही, सगळीकडचे सील आणि होज बदलावे लागतात.

जुना काढणं

सकाळी लवकर, सावलीत, सपाट जागी कामाला लागा. पावसाच्या दिवशी टाळा. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. पाइपचे नट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि सकाळी उघडण्याआधी तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसून काढा.

इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. त्यानंतर काम संपेपर्यंत पेडलला पाय लागता कामा नये. घरात लहान मुलं असतील तर गाडीचं दार बंद ठेवा. मास्टर काढलेला असताना कुणी पेडल दाबलं तर बूस्टरचा दांडा जागचा हलतो.

डबीचं झाकण आणि भोवतालचा भाग आधी स्वच्छ पुसा, मग झाकण उघडा. आत पडलेला वाळूचा एक कण नव्या कपाला चरा पाडायला पुरतो. सिरिंजने ऑइल उपसून घ्या. पातळीच्या सेन्सरची वायर काढा. मास्टरखाली जाड कापड ठेवा, शेजारच्या रंगीत पत्र्यावरही. मोबाइलवर फोटो काढा आणि कुठला पाइप पुढचा, कुठला मागचा, ते टेपने खुणावून ठेवा.

पाइपचा नट सोडवताना आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलवा, मग उलट. एकदम झटका देऊ नका. नट फिरतोय पण पाइपही सोबत पीळ घेतोय असं दिसलं तर थांबा, पुन्हा स्प्रे, पुन्हा क्लीनर, पुन्हा थोडं थोडं. घाईने पाइप मुरगळला तर अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं. पाइप सुटले की त्यांची तोंडं लगेच स्वच्छ प्लॅस्टिकच्या टोपणांनी बंद करा, म्हणजे ऑइल सांडत नाही आणि ओलही शिरत नाही. शेवटी दोन मोठे नट काढा आणि मास्टर सरळ पुढे ओढा, वाकडा करू नका.

आता बूस्टरमध्ये बॅटरी मारून पाहा. नुसता ओलसरपणा असेल तर पुसून घ्या. तळाला ऑइल साचलं असेल तर सिरिंजला नळी लावून उपसा, पण माझा सल्ला बूस्टरही बदलण्याचा आहे. त्याच्या आत रबराचा पडदा असतो, तो ऑइलमध्ये भिजून खराब होतो आणि मग काही महिन्यांनी पेडल अचानक दगडासारखं होतं. खर्च वाढतो हे खरं. माझ्या गाडीत अर्धी वाटी ऑइल निघालं. मी बूस्टर बदलला आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

टेबलावरची एअर

नवा मास्टर गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच त्यातली हवा काढायची. ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, आणि नंतर "नवा मास्टर टाकला तरी पेडल स्पंजी" अशी तक्रार येते ती बऱ्याचदा इथूनच.

जुनी डबी वापरायची असेल तर तिला वर ओढून काढा, आतला गाळ अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा, नवे रबर ताज्या ब्रेक ऑइलने ओले करा आणि डबी सरळ दाबून बसवा. मग मास्टर वाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) कानांपाशी, म्हणजे नट बसायच्या भोकांच्या बाजूंना, हलका धरा. नळकांड्यावर जबडा आवळायचा नाही. दोन्ही तोंडांना नळ्या जोडून त्यांची टोकं डबीतल्या ऑइलमध्ये बुडवा. डबी अर्ध्याच्या वर भरा. मागून गुळगुळीत, बोथट दांड्याने पिस्टन सावकाश दाबा, एक-दोन सेंटिमीटर, आणि सावकाश सोडा. सुरुवातीला नळ्यांमधून फसफसत हवा येईल. दहा-पंधरा मिनिटं लागू द्या. नळीत एकही बुडबुडा दिसेनासा झाला आणि पिस्टन थोडासाच हलून अडू लागला की झालं. नळ्या काढून तोंडं बंद करा.

बसवण्याआधी बूस्टरच्या दांड्याची लांबी पाहायची. बूस्टरच्या तोंडापासून दांडा किती बाहेर येतो आणि मास्टरचा पिस्टन किती आत आहे, ही दोन मापं जुळवून मधे अगदी थोडी फट राहायला हवी. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. दांडा लांब पडला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत डबीत जाण्याचं छिद्र झाकलेलं राहतं आणि चालता चालता ब्रेक आपोआप धरू लागतात, चाकं तापतात. आखूड पडला तर पेडलचा पहिला भाग वाया जातो. तोच बूस्टर ठेवून कंपनीचाच मास्टर बसवला तर सहसा फरक पडत नाही, पण बूस्टर बदलला तर हे माप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बसवणं

नवी रबरी रिंग लावून मास्टर बूस्टरच्या बोल्टांवर चढवा, पण नट बोटानेच दोन आटे फिरवून ठेवा. मास्टर ढिला असतानाच पाइपचे नट हाताने सुरू करा. पाइपच्या हिशेबाने तो थोडा इकडे तिकडे हलू शकतो म्हणून आटे सरळ बसतात. पान्याने जबरदस्तीने सुरू केलेला नट अॅल्युमिनियमचे आटे खातो आणि नवाकोरा मास्टर तिथेच भंगारात जातो. चार-पाच आटे बोटाने आत गेले की मग मास्टरचे दोन नट आवळा, आणि शेवटी पाइपचे. ताकद मोजकीच लागते: छोट्या गाड्यांत दोन्हीकडे साधारण १२ ते १७ न्यूटन-मीटर, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. लांब पान्याने पूर्ण अंग टाकायची ही जागा नव्हे.

हवा काढणं

इथे दुसरं माणूस लागतं. माझ्याकडे भाचा होता. त्याला आधी दोनच शब्द पाठ करायला लावले. मी "दाब" म्हटलं की त्याने सावकाश दाबून "धरलं मामा" म्हणायचं, आणि मी "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. पाय लवकर उचलला तर उघड्या निपलातून हवा परत आत ओढली जाते. पंधरा-वीस मिनिटांनी तो कंटाळून म्हणाला, "मामा, अजून किती दाबून राहू?" पण चुकला एकदाही नाही.

आधी मास्टरच्या तोंडापाशी. पेडल धरलेलं असताना एक पाइपनट पाव आटा सैल करा, ऑइल आणि हवा बाहेर आली की घट्ट करा, मग "सोड". दोन्ही पाइपांना दोन-तीनदा. खालचं कापड ओलं ठेवा.

मग चाकं. पारदर्शक नळी निपलवर, दुसरं टोक थोडं ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवून. दाब, धरलं, निपल अर्धा आटा उघडा, बुडबुडे बघा, बंद करा, सोड. साधारण नियम मास्टरपासून सगळ्यात दूरच्या चाकापासून सुरुवात करण्याचा आहे, म्हणजे उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या आपल्या गाड्यांत मागचं डावं. पण तिरक्या सर्किटांच्या काही गाड्यांना कंपनीने वेगळा क्रम दिलेला असतो. तो असेल तर तोच पाळा. दर पाच-सहा वेळा दाबल्यावर डबी बघा. ती रिकामी झाली की पुन्हा शून्यापासून. बाटलीत जमलेलं ऑइल स्वच्छ दिसत असलं तरी डबीत परत ओतू नका.

आणखी एक. नव्या मास्टरवर चालेल, पण जुन्या मास्टरची हवा काढताना पेडल कधीही जमिनीपर्यंत दाबू नये. रोजच्या वापरात कप नळकांड्याच्या ठराविक भागातच फिरतात, पुढचा भाग गंजलेला असतो आणि एका पूर्ण दाबात तो कप फाडतो. पॅड बदलून आणलेल्या गाडीचा मास्टर दोन दिवसांत गेला, असं होतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम भागतं.

एबीएस असलेल्या गाडीत डबी पूर्ण कोरडी पडून हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये शिरली असेल, तर नुसत्या पायाने ती निघत नाही. स्कॅनर जोडून आतला पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. म्हणून पाइप सोडल्याबरोबर तोंडं बंद करायचा आग्रह धरला. विजेवर चालणारा बूस्टर असलेल्या नव्या गाड्यांचं काम घरी करूच नका.

रस्त्यावर जाण्याआधी

डबी वरच्या रेघेपर्यंत भरा, सेन्सरची वायर जोडा. इंजिन बंद ठेवून पेडल तपासा, मग चालू करून. हलक्या जोराने एक मिनिट, मध्यम जोराने एक मिनिट, अगदी निदानाच्या वेळी केलं तसंच. पेडल जागचं हललं नाही पाहिजे. कुणाला तरी पेडल जोरात धरायला सांगून प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. ब्रेकचे मागचे दिवे लागतात का बघा. चारही चाकं उचलून हाताने फिरवता आली तर उत्तम. एखादं जड फिरत असेल तर बूस्टरच्या दांड्याचं माप पुन्हा पाहायचं.

जिथे जिथे ऑइल सांडलं तिथे भरपूर पाणी ओता. पुसल्याने ते पसरतं, पाण्याने निघतं. काढलेलं ऑइल नालीत सोडू नका. झाकणाच्या बाटलीत भरून, वर ठळक लिहून, जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका, ते विषारी आहे.

पहिली चक्कर गल्लीतच, चालण्याच्या वेगाने, एक हात हँडब्रेकवर. पाच-सहा वेळा थांबून पाहा. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ३०-४० पर्यंत. उतारावर त्या दिवशी जाऊ नका. मी सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरायला आठवडाभर थांबलो. तोवर रोज सकाळी बोनेट उघडत होतो.

आणि कधी चालत्या गाडीत पेडल खाली गेलंच, तर पटापट पंप करा, गिअर एकेक करून उतरवा, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो थोडा थोडा ओढा. एकदम ओढला तर मागची चाकं घसरतात.

काम झाल्या रात्री पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कोरडं होतं. डबीवरचा जुना टेप काढला, नवा लावला, पातळीवर रेघ मारली आणि तारीख लिहिली.